खोपीतलं पाणमांजर

हावॉय, रविवार, १९ जानेवारी १९६९

हाल्दिसताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता चुलीत घातलं नसशील, असं धरून लिहिते आहे. ऑक्टोबरात मी तुला एकच ओळ पाठवली होती, ‘तुझ्या टोपीने मला मारलं.’ ती ओळ मी मागे घेत नाही. पण मी मेले नाही हेही खरं, आणि जिवंत राहायचं तर तुझ्याशिवाय विचारायला मला कोणी नाही. आमच्या बेटावरच्या बायकांना जगातलं सगळं कळतं, एवढी एक गोष्ट सोडून.

तुला अर्धवटच कळलं असेल, म्हणून सांगते. सदुसष्टच्या वसंतात मी ट्रॉम्सोला तुझ्या दवाखान्यात आले, तुमच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, रबराची टोपी दिली आणि आत कशी बसवायची ते माझ्याकडून तिथेच करून घेतलं. शिकवल्याप्रमाणे मी सगळं करत होते. तरी गेल्या जूनमध्ये दिवस राहिले. ऑक्टोबरात एडविन हेरिंग मासळीच्या मागे उत्तरेला गेलेला असताना पोट पडलं. रक्त थांबेचना. डॉक्टरांची बोट वाऱ्यामुळे उशिरा आली. ते हात धूत म्हणाले, “पुढच्या खेपेला मला नको, पाद्रीबुवांनाच बोलवा, म्हणजे एका फेरीत काम होईल.” मी विचारलं, मग मी करू काय? तर म्हणाले, “नवऱ्याला समजावा,” आणि टोपी शोधायला लागले. त्यांची डोक्यावरची, माझी नव्हे.

एडविनला मी पोटाचं दुखणं सांगितलं. नाताळात तो घरी होता तेव्हा धाकटीला ताप आहे म्हणून तिच्याशेजारी झोपले. आता तो लोफोटेनला कॉड मासळीच्या हंगामाला गेलाय, ईस्टर झाल्यावर येईल. दर वेळी पोरीला ताप कसा येणार? आणि खरं सांगू का, मला तो हवा आहे. चौदा वर्षं झाली तरी तो यायच्या दिवशी मी लहान पोरीसारखी धावत जेट्टीवर जाते. म्हणून मला असं काहीतरी सांग, ज्यात चूक व्हायला जागाच नाही.

आणखी एक. आमच्या नावेच्या खोपीखाली काहीतरी रडतं. नैर्ऋत्येचा वारा असला की ऐकू येतं. पाणमांजर आहे, दुसरं काय असणार. त्यांची पिल्लं अशीच चिरकतात.

रागना


हावॉय, ९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं म्हणून रडले, आणि वाचून चिडले. प्रश्न आहेत की कोर्टातली उलटतपासणी! टोपी रोज घालत होतीस का? हो. सोबतचं मलम लावत होतीस का? हो, संपेपर्यंत, आणि संपल्यावर तू पाठवलेलं दुसरं. सकाळपर्यंत आत ठेवत होतीस का? ठेवत होते, आणि गाईचं दूध काढताना ती आत आहे हे आठवून एकटीच हसतही होते. साबणाने धुऊन कोरडी करत होतीस का?

म्हणजे मी गबाळी आहे असंच ना? ऐक मग. तुझ्या शहरातल्या बायकांनी राखली नसेल, अशी निगा तिची या घरात होती. आमच्या झोपायच्या खोलीत हिवाळ्यात भिंतीला आतून बर्फ धरतो. डब्यातली टोपी कडक होऊन राहायची. एडविनने एकदा बघितलं आणि म्हणाला, “अगं हे तडकेल ना! दे इकडे.” तेव्हापासून दर शनिवारी तो खाली बसून आपले चामड्याचे समुद्री बूट आणि तेलकपडे पुसतो ना, कॉडच्या काळजाच्या तेलाने, त्याच फडक्याने टोपीलाही हात फिरवायचा. हळुवार, दोन बोटांनी. मी कपबशा धूत बघायची. मऊ राहायची अगदी. वास यायचा थोडा, पण या घरात वास कशाला येत नाही? तेव्हा निगेचं मला शिकवू नकोस.

खोपीतलं ते अजून आहे. मी कंदील घेऊन दगडांखाली बघून आले. विष्ठा नाही, माशांची हाडं नाहीत, पावलं नाहीत.

आणि हे तुला सांगावं की नको कळत नाही. माझी सासू पेट्रीन, तुला माहीतच आहे, दहा वर्षं ठार बहिरी आहे. चर्चची घंटा तिच्या डोक्यावर वाजली तरी ती विणत राहील. परवा आम्ही दोघी चुलीपाशी होतो. मला ते ऐकू आलं. मी मान वरही केली नाही. म्हातारीने विणकाम मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “लागलं बघ परत रडायला.”

रागना


हावॉय, २ मार्च

ताई,

तुझं पत्र जेट्टीवरच फोडलं. वाचत वाचत घरी आले, डब्यातून टोपी काढली आणि खिडकीशी धरली. हिवाळाभर न दिसलेला सूर्य परतला आहे आता, उजेड चांगला होता. भोकं आहेत. बारीक, सुईच्या टोकाएवढी, आणि कडेला रबर पिठूळ होऊन बोटाला लागतंय. तेल रबराला खातं, असं तू लिहिलंस. दोन वाक्यांत लिहिलंस, आणि पुढे अर्ध्या पानावर माफी मागितलीस की हे मी आधी सांगायला हवं होतं. तू कशाला माफी मागतेस? ट्रॉम्सोत कोणाच्या डोक्यात येईल की कोणी असल्या वस्तूला माशाचं तेल चोपडेल? आणि आमच्याकडे कोणाच्या डोक्यात येईल की एखाद्या वस्तूला तेल बाधेल? तेलाने इथे सगळं टिकतं. आम्ही पोरांनाही चमच्याने तेच पाजतो.

आधी मी हसले. मग त्या दोन बोटांची आठवण झाली आणि मी गोठ्यात जाऊन गाईच्या मानेत तोंड खुपसून ओरडले. गाय बिचारी उभी राहिली.

आता तू लिहिलेले उपाय. एकेक करून तुला माझा हिशोब सांगते.

नवी टोपी, बिनतेलाची. तू म्हणतेस ती नीट वापरली तर चांगली. असेल. पण मी दर वेळी ती उजेडात धरून भोकं बघणार आणि एडविन पलंगावर वाट बघत बसणार. माझा रबरावरचा विश्वास उडाला.

गोळ्या. त्याबद्दल मी मासिकात वाचलं होतं आणि माझं मन त्यांच्यावरच होतं. पण धाकटीच्या वेळी माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती हे तुला आठवलं, मला नाही. गाठ झालेल्या बाईने त्या घेऊ नयेत म्हणतेस, तर नाही घेत. शिवाय टपालाची बोट वादळात पंधरा पंधरा दिवस येत नाही, आणि गोळी चुकली की सगळंच चुकलं.

पुरुषांचं रबर. ते इथे फक्त कोनराडच्या दुकानात मिळतं, काउंटरखाली, आणि कोनराड रविवारी प्रार्थनाघरात उपदेश करतो. एडविनने एकदा मागितलं होतं. कोनराड म्हणाला, “तीन पोरांत दमलास होय रे?” दुकानात सात माणसं होती. एडविन दोरीचं भेंडोळं घेऊन परत आला.

बंदराच्या तोंडापाशी नाव वळवून परत फिरायचं, हाही एक उपाय एडविनचा बाप सांगायचा म्हणे. आमची मधली आस्लाउग त्यातूनच झाली.

ऑपरेशन. अर्ज, सह्या, आणि मला कधी न पाहिलेली माणसं टेबलाभोवती बसून ठरवणार. तोवर एडविन चार वेळा येऊन जाईल.

राहिला लूप. प्लास्टिकचा तो वाकडातिकडा तुकडा डॉक्टरीणबाई आत बसवणार, आणि मग वर्षानुवर्षं कोणी काही लक्षात ठेवायचं नाही, फक्त पाळी संपली की बोटाने दोरा चाचपायचा. शंभरात दोघीतिघी फसतात, असं तू प्रामाणिकपणे लिहिलंस. मला तेच आवडलं. आधीच्या टोपीबद्दल सगळ्यांनी नुसतं चांगलंच सांगितलं होतं. आणि मुख्य म्हणजे तिथे तेलाचं फडकं पोचत नाही.

लूप, ताई. मी ठरवलं. पाळीतच बसवतात ना? माझे दिवस एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतील. बाईंना सांगून ठेव.

ते आता खोपीखाली नाही. विहिरीपाशी आलंय.

रागना


हावॉय, ३० मार्च

ताई,

“पाणमांजराला गोळी घाल,” असं तू लिहिलंस. पाहिलं असतं तर घातली असती.

विहिरीपाशी आठवडाभर होतं. मग गोठ्याच्या भिंतीशी. काल दुपारी, लख्ख उजेडात, मी पाव भाजत होते आणि ते दाराच्या पायरीखाली रडलं. भूक लागल्यासारखं नाही गं. दार लावून घेतल्यावर बाहेर राहिलेलं पोर रडतं तसं, आधी जोरात आणि मग आपल्याशीच. माझ्या अंगावरचं दूध, जे ऑक्टोबरात चार दिवस येऊन आटलं होतं, ते आलं. झगा पुढून भिजला. हे मी तुला नर्स म्हणून सांगते आहे, तेव्हा नर्ससारखं वाच.

मग मी म्हातारीला धरून बसवलं. माझे ओठ तिला दिसतील असं समोर बसून विचारलं, “आई, ऑक्टोबरात तुम्ही ते कुठे नेलंत?”

“खोपीच्या उंबऱ्याच्या दगडाखाली,” ती म्हणाली. “पाद्री घेणार होता काय कबरस्तानात? नाव नाही, बाप्तिस्म्याचं पाणी नाही डोक्यावर. तिथं कोरडं असतं.”

“मग ते घराकडे का येतंय?”

“नाव नाही म्हणून. नाव नसलेल्याला निजता येत नाही.” तिने माझ्या ओल्या झग्याकडे बघितलं. “दाराबाहेर फार दिवस नाही राहायचं ते. ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं परत आत शिरायला बघतंय. एडविन आला की शिरेल.”

हात जोडते, हसू नकोस. मला भुताची भीती नाही वाटत. ते बिचारं माझंच आहे. मला भीती वाटते ती ते परत आलं तर मी मरेन याची, आणि तीन पोरी या म्हातारीच्या हातात राहतील याची. म्हणून बाईंना माझ्या वतीने एक गोष्ट विचार. वेड्यासारखी वाटली तरी विचार. जो अजून कधीच आला नाही त्याला लूप अडवतो, हे कळलं. पण जो एकदा आत राहून गेला आहे, त्याला वाट माहीत आहे. त्यालाही अडवतो का?

म्हातारी उठता उठता आणखी एक बोलली. “तिथं एकटं नाही ते. दोघं आहेत.”

मी विचारलं, दुसरं कोणाचं? तर बोट स्वतःकडे. एडविनच्या आधीचं, सातवं. मी विचारलं, “ते रडलं होतं का, आई? जन्मल्यावर?”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला ओठ वाचून सगळं कळतं, पण तोंड फिरवलं की ती पुरती बहिरी.

रागना


हावॉय, २० एप्रिल

ताई,

चार दिवस तुझ्या घरी राहिले, तुझ्या उशीवर झोपले, मासळीचं कालवण खाताना आपण दोघी आईची नक्कल करून हसलो, आणि तरी एक गोष्ट तुला सांगितली नाही. तोंडाने सांगवेना. लिहायला मी नेहमीच धीट.

आधी लूपचं. परतल्यावर जपून राहिले. पोटात कळा येतात, पण बाईंनी सांगितल्या होत्या त्यापेक्षा जास्त नाहीत. दोरा बोटाला लागतो. खरखरीत, मासेमारीच्या बारीक गळदोरीसारखा. दिवसातून तीनदा चाचपते. बाई म्हणाल्या होत्या महिन्यातून एकदा पुरे. त्यांना काय कळतंय! आणि माझा तो प्रश्न तू त्यांना खरंच विचारलास हे मला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या हसल्या नाहीत. “लूपला माणसं ओळखता येत नाहीत, तो सगळ्यांनाच अडवतो,” म्हणाल्या. मी त्या बाईंच्या पाया पडले असते, पण माझे पाय तेव्हा वर बांधलेले होते.

आता ती गोष्ट. ट्रॉम्सोला निघायच्या आदल्या दिवशी बोट रद्द झाल्याचं कळलं. वारा नैर्ऋत्येचा. कोनराडचा भाऊ मासळी घेऊन निघणार होता, त्याने मला डेकवर बसवायचं कबूल केलं. मी घरी गाठोडं बांधत होते आणि ते आत रडलं. दाराच्या आत, ताई. आमच्या जिन्यावर. पोरी शाळेत होत्या म्हणून बरं.

म्हातारीने शाल घेतली, माझा हात धरला आणि ओहोटी असताना मला खोपीवर नेलं. तिथे उंबऱ्यापाशी आम्ही वाकून उभ्या राहिलो. तिच्या आजीच्या वेळची रीत आहे. मुलगा की मुलगी ठाऊक नसतं, म्हणून अंदाजाने दोन्ही नावं ठेवायची, ज्याला जे लागेल ते त्याने घ्यायचं. समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन दगडावर सोडायचं. ती म्हणाली, “बोल.”

मला नावंच सुचेनात. शेवटी म्हटलं, “मुलगा असशील तर ओलुफ. मुलगी असशील तर हाल्दिस.” तुझं नाव घेतलं मी, ताई. तुला न विचारता. तोंडाशी तेच होतं.

मग म्हातारी वाकली. तिने पाणी सोडलं आणि आपल्या सातव्यासाठी नाव घेतलं. एकच. “सिव्हर्ट,” एवढंच म्हणाली.

मुलाचं तेवढं, मुलीचं घेतलंच नाही तिने. तिला अंदाज करायची गरज नव्हती. मी तिचा ओला हात परत धरला. आधीची सहा, दरवर्षी एक. दोन कशीबशी जगली होती, आणि त्या हिवाळ्यात खायला बटाट्याची सालं. टोपी नाही, गोळी नाही, लूप नाही, विचारायला ताई नाही. तिला निवडायला एवढंच होतं, जन्मलेल्याला दाराच्या आत ठेवायचं की बाहेर. मी तिचा हात सोडला नाही. तिने सोडवूनही घेतला नाही.

परतताना आवाज नव्हता. वारा तोच होता आणि आवाज नव्हता.

रागना


हावॉय, ४ मे

ताई,

एडविन आला. जेट्टीवर उतरला, मी धावत गेले, आणि मी तिथेच माशांच्या पेट्यांवर बसवून त्याला सगळं सांगितलं. ऑक्टोबर, टोपी, तेल, तुझा लूप. भुताचं नाही सांगितलं. त्याने आपली दोन बोटं समोर धरून बघितली. मग म्हणाला, “म्हणजे मीच?” मी म्हटलं, “तू प्रेमाने केलंस रे, गाढवा.” तो लहान मुलासारखा रडला, आणि बाजूने जाणाऱ्या कोनराडला म्हणाला, “बघतोस काय, डोळ्यात मीठ गेलंय.”

घर शांत आहे. म्हातारी विणते, मान वर करत नाही. मी रोज एडविनच्या कुशीत झोपते आणि सकाळी दोरा चाचपते. जागेवर असतो. ताई, मी जगणार बहुतेक. हे तुझ्यामुळे. ऑक्टोबरातली ती ओळ आता मागे घेते.

इथेच थांबायचं होतं. पण आज प्रार्थनेनंतर योरुन्कडे कॉफीला गेले. आमच्या वरच्या अंगाचं घर तिचं, पाच पोरं, दर बाळंतपणात मरता मरता वाचलेली. चुलीवरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता, तुझ्या दवाखान्यातून मिळतो तसाच. मी काही न विचारता उघडला. आतली टोपी तेलाने चकाकत होती.

“अगं, एडविननेच सांगितलं ना आमच्या ह्यांना लोफोटेनला,” योरुन् लाजून म्हणाली. “तेल लावलं की मऊ राहते. हे आल्यापासून रोज लावतात.”

मी ती खिडकीशी धरली. तिला दाखवलं. तिला आधी कळेना काय बघायचं ते. मग कळलं, आणि ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“कधी आला तुझा नवरा?” मी विचारलं.

“गेल्या रविवारी.”

मी तिला लूपचं सांगितलं, तुझा पत्ता दिला. या खेपेचं काय ते महिन्याने कळेल. तोवर तू बाईंना विचारून ठेव, आणि जमलं तर स्वतःच ये. इथे पाच-सहा घरांत असे डबे असतील, आणि माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

मी निघाले तर ती दारापर्यंत आली. पायरीवर थांबून म्हणाली, “रागना, तुमच्याकडचं ते पाणमांजर गेलं म्हणे? आता आमच्या सरपणाच्या खोपटात आलंय. रविवारपासून नुसतं रडतंय.”

ताई, लवकर लिही. त्यालाही निजवायला एक नाव पाठव. तुझं मी आधीच देऊन बसले आहे.

रागना